शेवटच्या गाडीची काठी

काठी खिडकीतून आत आली आणि बाईंच्या मांडीवर पडली. हातभर लांब, एका टोकाला लाल चिंधी खिळ्याने ठोकलेली, मधला भाग धरून धरून काळा आणि गुळगुळीत झालेला. बाईंनी ती उचलली तेव्हा ती गरम होती, म्हणजे आत्ताआत्तापर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी मुठीत होती, आणि हे त्यांना का कोण जाणे आवडलं नाही. खिडकीशी केशरी जाकीट घातलेला, जाड भिंगांचा चष्मेवाला वाकला होता. "ही त्या टोकाच्या माणसाला द्यायची," तो म्हणाला. "तुमची शेवटची गाडी. तुमच्यामागून मी कुणाला सोडत नाही. त्याच्या हातात काठी पडली की तो तिकडच्या गाड्या सोडतो." बाईंनी विचारलं, "वॉकीटॉकी नाही का तुमच्याकडे?" "आहे की. दोन महिने बंद आहे. काठी बंद पडत नाही," असं म्हणून तो स्वतःच हसला आणि त्याने टपावर थाप मारली. टपावर पाटी होती, चुंबकाने चिकटवलेली, दोन्ही बाजूंनी मोठ्या अक्षरांत 'शिकाऊ' लिहिलेली. थाप नेमकी तिच्यावर बसली आणि गाडी चालवणारे घड्याळजी दचकले.

घड्याळजी बावन्न वर्षांचे. सगळा जन्म डोळ्याला भिंग लावून घड्याळांची सूक्ष्म चाकं बसवण्यात गेला, मोठ्या चाकांशी संबंध आला तो या दोन महिन्यांत. बायकोला आठवड्यातून दोनदा उपचारांना न्यावं लागत होतं आणि रिक्षात बसली की तिला मळमळायचं, म्हणून या वयात त्यांनी स्टिअरिंग हातात घेतलं होतं. माणूस अत्यंत सज्जन आणि अत्यंत घाबरट. त्यांची सगळी भीती मागच्या बाजूला होती. समोरून ट्रक आला तरी ते शांत असत, पण मागून सायकलची घंटा वाजली की खांदे कानाला लागत. दर चार सेकंदांनी आरशात बघायचे. गाडी शिकवणाऱ्या बाई त्यांना म्हणायच्या, घड्याळजी, पुढे बघून चालवायची असते, मागे बघून चालवायला हा काही इतिहासाचा तास नाही. ते ओशाळून हसायचे आणि पुन्हा आरशात बघायचे.

रस्ता टेकडीला वळसा घालून जाणारा होता. पाण्याची मोठी वाहिनी टाकायची म्हणून अर्धा रस्ता पुरुषभर खोल खणला होता आणि उरलेल्या अर्ध्यावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जायच्या. मधल्या वळणामुळे या टोकाच्या माणसाला ते टोक दिसत नसे. बाईंनी घड्याळजींना मुद्दामच इथे आणलं होतं. परीक्षा पुढच्या आठवड्यात होती, आणि मोकळ्या मैदानात गाडी काय, शेळीही वळते. त्यांनी आपल्या ठरलेल्या आवाजात सूचना दिल्या: दुसरा गिअर, वेग पंधरा, पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचं अंतर, हात स्टिअरिंगवर, खड्ड्याकडे बघायचं नाही, पोकलेनकडे बघायचं नाही, काम करणाऱ्या माणसांकडे बघायचं नाही, त्यांचा चहा बघायचा नाही, केशरी शंकूंच्या रांगेच्या उजवीकडून नजर समोर. हा आवाज त्यांचा खास होता. घरी त्या साध्या बोलायच्या, पण गाडीत डाव्या सीटवर बसल्या आणि पायाखाली तो जादा ब्रेक आला की आवाजाला एक वजन यायचं. त्या आवाजावर चारशेच्या वर माणसं गाडी शिकली होती. गावात त्यांना ब्रेकबाई म्हणत, तोंडावर सुद्धा.

धूळ फार होती. पुढचा टेम्पो त्या धुळीत शिरला आणि नुसते त्याचे लाल दिवे उरले. डाव्या हाताला शंकू, शंकूंपलीकडे लाल-पांढरी फीत, फितीपलीकडे खड्डा. खड्ड्यातून फक्त एक पिवळं हेल्मेट वर येत होतं आणि खाली जात होतं. वळणाच्या ऐन मध्यावर घड्याळजींची नजर वर गेली. "बाई," ते म्हणाले. "मागे कुणीतरी..." "मागचं मागे. पुढे बघा." "नाही, स्कूटर आहे वाटतं..." "घड्याळजी! पुढे." ते पुढे बघू लागले. बाईंसाठी काचेवर वेगळा छोटा आरसा होता. मान उचलायचीही गरज नव्हती, डोळे दोन बोटं वर केले की झालं. त्यांनी केले नाहीत. यात आळस नव्हता, धंद्याची रीत होती. सर, म्हणजे बाईंचे यजमान, त्यांनीच ही गाडी शिकवायची शाळा काढली आणि बाईंनाही त्यांनीच शिकवलं. ते म्हणायचे, शिकवणारा बघतो तिकडे शिकणारा बघतो, आणि शिकणारा बघतो तिकडे गाडी जाते. धोक्याच्या जागी आपण आरशात बघायचं नाही, आपण पुढेच बघायचं, मग तोही पुढे बघतो. बाई पुढे बघत राहिल्या. मानेच्या मागच्या बाजूला मात्र कुणीतरी हलका हात ठेवावा तसं काहीतरी त्यांना वाटत राहिलं.

त्या टोकाला एक मिशीवाला उभा होता, मोठ्या जबाबदारीच्या चेहऱ्याचा, जाकिटाची सगळी बटणं लावलेला. त्याने हात पुढे केला. काठी घेण्याआधी त्याने विचारलं, "मागे कोणी नाही ना?" बाई म्हणाल्या, "नाही." त्या ठरलेल्या आवाजात म्हणाल्या. मिशीवाल्याने काठी घेतली, कपाळाला लावावी तशी जरा उंच धरली, 'थांबा'ची पाटी फिरवून 'हळू' केली, आणि पहिला डंपर गुरगुरत आत गेला. त्याच्यामागे दुसरा. घड्याळजींनी गाडी पुढे काढली, शंभर पावलांवर ती बंद पडली, त्यांनी किल्ली फिरवली, पुन्हा बंद पडली. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले. "निळी होती," ते म्हणाले. "निळी स्कूटर. चालवणारी बाई होती. पुढे पिशवी ठेवलेली." तेवढ्यात वळणामागून हॉर्न आला. आपण बाजूला हो म्हणताना वाजवतो तसा नव्हता तो. कुणी हात ठेवला आणि उचललाच नाही, असा. मग थांबला. "तिनं बाजूला घेतली असेल," बाई म्हणाल्या. "क्लच पूर्ण दाबा. फर्स्ट." आणि घड्याळजींनी क्लच पूर्ण दाबला, फर्स्ट टाकला, कारण तो आवाज ऐकला की माणसं ते करतातच.

दिवस मग नेहमीसारखा गेला, म्हणजे वरवर. साडेदहाला कॉलेजची मुलगी आली, बाराला एक भटजी वाटावा इतका शांत बँकेतला माणूस आला. बाईंनी दोघांना मैदानात आठाचा आकडा काढायला लावला. मुलीने दोनदा विचारलं, "बाई, बरं वाटत नाहीये का?" बाईंचा डावा पाय ब्रेकवर नव्हता, हवेत होता, पोटरीत गोळा येईपर्यंत. दुपारी त्या घरी आल्या, हात साबणाने धुतले, हातांना काठीचा वास येत होता, ग्रीस आणि घाम आणि उन्हात तापलेलं लाकूड. पुन्हा धुतले. जेवण पुढ्यात घेतलं आणि झाकून ठेवलं. घरात सगळं जागच्या जागी होतं, किल्ल्यांचा खिळा, परीक्षेच्या फॉर्मांची चळत, सरांचा टोपी घातलेला फोटो. फोटोत सर नेहमीप्रमाणे पुढे बघत होते.

सहा वर्षांपूर्वीची ती सकाळ बाईंनी घडी घालून ठेवून दिली होती, ती अशी कधीही आपोआप उलगडायची. चहा पिताना सरांच्या डाव्या हातातला कप तिरका झाला. थोडा चहा बशीत, थोडा मांडीवर. सर म्हणाले, "अगं, हाताला मुंग्या येतायत. पायालाही जरा..." आणि बाई म्हणाल्या, "हातावर झोपला असाल. काही होत नाही. साडेसातचा विद्यार्थी दारात उभा आहे, उठा." काही होत नाही. तेव्हाही हाच आवाज होता, हा त्यांना गाडीत बसायच्या आधीपासूनच असावा. सर उठले, कारण सरही त्या आवाजाचे जुने विद्यार्थी होते. डाव्या सीटवर जाऊन बसले. तो विद्यार्थी पुढे पोलिसांना, डॉक्टरांना, बाईंना रडत एकच गोष्ट सांगत राहिला. सरांनी त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मी गप्प आहे म्हणजे तुझं बरोबर चाललंय. त्यामुळे सर गप्प झाले तेव्हा त्याला आनंद झाला. त्याने गावाला तीन चकरा मारल्या. प्रत्येक सिग्नलला थांबला, प्रत्येक वळणाला दिवा दिला, आयुष्यात इतकी चांगली गाडी त्याने पुन्हा चालवली नाही. तिसऱ्या चकरेला त्याने विचारलं, सर, आता वळू का घराकडे? बाईंना दिवसभर आठवत राहायच्या त्या या तीन चकरा. त्यातल्या पहिल्या चकरेत सर होते का, दुसरीत होते का, आणि असले तर ब्रेकवर ठेवलेला तो निकामी पाय बघत काय म्हणत असतील. काही होत नाही, असंच म्हणत असतील.

अडीचला फोन वाजला. घड्याळजी होते. दुकानातली घड्याळं मागे टिकटिकत होती. "बाई, मी बोललो होतो ना?" "हो." "तुम्ही म्हणालात पुढे बघा, म्हणून मी बघितलं." "हो, घड्याळजी." "दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं. टेकडीच्या रस्त्यावर काहीतरी झालंय म्हणालं. मी विचारलं नाही काय ते. मला विचारवेना." मग अगदी खालच्या आवाजात, "बाई, मला कुणी विचारलं तर मी काय सांगायचं? माझी परीक्षा आहे मंगळवारी. हिला रिक्षात फार त्रास होतो हो." "कुणी विचारणार नाही," बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की ते वाक्यही आपण त्याच आवाजात म्हटलं. तिसऱ्यांदा. पलीकडे तो बापडा माणूस निश्चिंत होऊन पुन्हा डोळ्याला भिंग लावून बसला असणार.

त्या खाली आल्या, गाडीपाशी गेल्या. टपावरची पाटी धुळीने माखली होती. पुसायला म्हणून त्यांनी ती ओढून काढली, फडक्याने पुसली, आणि पुन्हा टपावर न लावता मागच्या सीटवर ठेवली. पालथी ठेवली. मग स्वतःवरच चिडून त्यांनी दार आपटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी कुठे चोर आहे, त्या मनात म्हणाल्या. मी बघितलंच नाही. जे बघितलंच नाही ते मी आहे कसं म्हणू? स्कूटरवाली का घुसली मध्ये? तिला दिसत नव्हता थांबवणारा माणूस? चष्मेवाल्याने का जाऊ दिली? हे सगळे प्रश्न बरोबर होते, एकेक ठोकून घेतल्यासारखे पक्के, आणि त्यातल्या एकाचाही उपयोग होत नव्हता. मिशीवाल्याने विचारलं होतं, मागे कोणी आहे का ते. तुम्ही बघितलंत का, हे त्याने विचारलं नव्हतं. तो भला माणूस, त्याला वाटलं असणार, शिकवणारी बाई आहे, बघितल्याशिवाय कशाला बोलेल?

चारच्या सुमाराला त्या उजव्या सीटवर बसल्या. एकट्या गाडी चालवायची म्हटलं की त्यांना नेहमी जरा चुकल्यासारखं व्हायचं, शेजारची सीट रिकामी, तिथला ब्रेक रिकामा. टेकडीच्या रस्त्याला लागल्या तेव्हा दूरवरूनच शंकूंची रांग दिसली, सकाळसारखीच, एकही शंकू पडलेला नाही. रांगेत पाच गाड्या होत्या. बाई सहाव्या. चष्मेवाला एकेक गाडी हाताने पुढे काढत होता. बाईंची गाडी आली तसा त्याने हात आडवा केला, वाकला, काठी खिडकीशी आणली. खिडकी उघडीच होती. त्याने बाईंकडे पाहिलं, मग टपाकडे, मग पुन्हा बाईंकडे. भिंगांमागे डोळे मोठे दिसत होते. "सकाळच्याच ना तुम्ही?" तो हळूच म्हणाला. "पाटी काढलीत. बरं केलंत."

बाईंनी ते ऐकलंच नाही असं केलं. "काय झालं सकाळी?" त्यांनी विचारलं. "व्हायचं काय," तो म्हणाला, आणि मागे कुणी ऐकत नाही ना ते बघून आणखी वाकला. "बाई एक. मी पाणी प्यायला वळलो तेवढ्यात शंकूंमधून घुसली. डंपर समोर आला तशी डावीकडे घेतली, आणि डावीकडे तर खड्डा. दवाखान्यात आहे. शुद्धीवर नाही अजून. पाय तर गेल्यातच जमा आहे." तो हे सगळं एका दमात, बाजारभाव सांगावा तसं म्हणाला, पण बोलताना काठीची लाल चिंधी बोटाला गुंडाळत होता. "आता साहेब विचारतात कोणाची चूक. त्या टोकाचा म्हणतो, मला काठी मिळाली होती, शिकाऊ गाडीतल्या बाईंनी दिली, मी विचारलंही. मी म्हटलं, साहेब, शिकाऊ गाडीला कोण काठी देईल? काठी मी त्या स्कूटरवालीकडेच दिली होती. शेवटची तीच होती. यानं काठी न घेताच गाड्या सोडल्या. धावपळीत त्याच्या हातून पडलेली काठी मीच उचलली, आणि ती तिथं खड्ड्यात सापडली, असंही मीच सांगितलं." "त्याचं काय होणार?" "काम गेलंच. संध्याकाळी पोलीस घेऊन जातील." तो सरळ झाला, पुन्हा वाकला. "बाई, मला तीन पोरी आहेत. तुम्हाला तुमची शाळा आहे. त्याचं दुर्दैव. तुम्ही काही बघितलं नाहीत, मी काही बघितलं नाही. जा आता. तुमची शेवटची. मागे कोणी नाही." आणि त्याने काठी आत सोडली. ती मांडीवर पडली. गरम होती.

बाईंनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली. वेग पंधरा. या वेळी त्यांनी आरशात बघितलं. मधल्या आरशात, मग बाजूच्या, मग पुन्हा मधल्या. मागे कोणी नव्हतं. धूळ होती, आणि धुळीत मागचा रस्ता होता, आणि तो रिकामा होता, आणि त्यांना तो रिकामा बघवत नव्हता. दर चार सेकंदांनी त्या बघत होत्या, घड्याळजींसारख्या, खांदे कानाशी नेऊन. वळणाच्या मध्यावर फीत तुटलेली होती आणि तिथे गाठ मारून पुन्हा बांधली होती. गाठीखाली दोन शंकू नवेकोरे. खड्ड्याच्या कडेला माती ओघळली होती, आणि पोकलेनच्या बकेटपाशी कुणीतरी एक पिशवी आणून ठेवली होती, कापडी, तिच्यातून वह्यांचे कोपरे दिसत होते, निळ्या कव्हरच्या शाळेच्या वह्या. तपासायला नेत असेल, किंवा तपासून परत नेत असेल. बाईंचा डावा पाय शेजारच्या रिकाम्या बाजूला सरकला आणि ब्रेक शोधू लागला. तो तिथे पोचत नव्हता. खरा ब्रेक त्यांच्या उजव्या पायाखाली होता, इतका वेळ होता.

त्या टोकाला मिशीवाला नव्हता. पांढरं हेल्मेट घातलेले साहेब स्वतःच उभे होते, वैतागलेले, हातात पाटी धरायची सवय नसलेले. त्यांच्यामागे दगडावर मिशीवाला बसला होता. त्याच्या अंगात जाकीट नव्हतं. ते त्याने नीट घडी करून, बटणं लावून, गुडघ्यांवर ठेवलं होतं, परत करायचं असल्यासारखं. त्याने मान वर केली नाही. समोर दहा-बारा गाड्या खोळंबल्या होत्या, सगळ्यांत पुढे डंपर. साहेबांनी खिडकीत हात घातला. "द्या. मागे कोणी नाही ना?"

बाईंनी काठी उचलली. उत्तर तोंडात तयार होतं, त्या आवाजासकट. त्यांना कळत होतं की ते आता खरंही आहे. आणि खरं असूनही ते म्हटलं की सकाळचंही खरं होऊन जाईल, आणि तो दगडावरचा माणूस संध्याकाळी गाडीत बसवला जाईल, आणि घड्याळजी मंगळवारी परीक्षेला बसतील, आणि सगळं बरोबर चाललंय असं समजून त्या स्वतः गावाला चकरा मारत राहतील. शाळा जाईल. शिकवायचा परवाना जाईल. सरांची शाळा. त्यांना फार भीती वाटली. आरशात बघणाऱ्या माणसांची भीती त्यांना आजवर कधी इतकी समजली नव्हती.

"आहे," त्या म्हणाल्या.

"काय आहे?" साहेबांनी मान उंचावून मागे पाहिलं. "कोण आहे मागे?"

"निळी स्कूटर आहे. सकाळपासून आहे." आवाज त्यांचा नव्हता, किंवा त्यांचाच होता, घरातला, साधा, जरा फाटलेला. त्यांनी गाडी बंद केली, काठी हातात धरूनच उतरल्या, मागचं दार उघडून पालथी पाटी काढली आणि टपावर टेकवली. चुंबक खट्कन बसला. त्या आवाजाने मिशीवाल्याने मान वर केली. त्याने आधी पाटी पाहिली, मग बाईंना पाहिलं, आणि जाकीट छातीशी धरून तो उभा राहिला. "सकाळी काठी मीच यांना दिली," बाई साहेबांना म्हणाल्या. "यांनी विचारलं होतं. मी बघितलं नव्हतं, आणि नाही म्हणाले." साहेब म्हणाले, "बाई, ते आपण नंतर बघू, आधी काठी द्या, गाड्या तुंबल्यात." त्यांनी हात आणखी पुढे केला. डंपरवाल्याने हॉर्न दिला, मग त्याच्यामागच्याने, मग वळणापलीकडून, चष्मेवाल्याच्या टोकालाही कुणीतरी हॉर्न देऊ लागलं. "आधी पोलिसांना बोलवा," बाई म्हणाल्या, "मग देते." आणि दोन्ही बाजूंचा रस्ता थांबवून त्या तिथेच उभ्या राहिल्या, काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून.